मांजराला लंघन सोसत नाही

पोट बिघडलं की एक वेळ उपास करावा, हा आपल्या घरांतला जुना उपाय आहे आणि माणसाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चालून जातो. पहिल्या दिवशी पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात, तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. धडधाकट मोठा कुत्राही दिवसभर जेवला नाही म्हणून सहसा काही बिघडत नाही. हाच हिशेब आपण मांजराला लावतो. मनी सकाळपासून दोनदा ओकली, बशीला तोंड लावलं नाही आणि पलंगाखाली जाऊन बसली, तर घरातलं मोठं माणूस म्हणतं, "राहू दे, पोटाला आराम मिळेल. भूक लागली की येईल आपोआप." दुसरा दिवस जातो, तिसरा जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाला तरी तिच्या कानांच्या आतली कातडी पिवळी दिसते. तोवर दुखणं पोटातून यकृतापर्यंत पोचलेलं असतं.

मांजराच्या आजारपणात घरोघरी जी वाक्यं ऐकू येतात, त्यांत "भूक लागली की खाईल" हे मला सगळ्यांत घातक वाटतं. ते का, हे कळायला मांजराच्या पोटापेक्षा त्याचं यकृत समजून घ्यावं लागतं.

आपण वरण-भात खाल्ला तर आपलं शरीर प्रथिनं जपून वापरतं. मटण-अंडी खाल्ली तर प्रथिनं मोडणाऱ्या एन्झाइम्सचं काम वाढवतं. मांजराच्या यकृतात हा चढउतार फारसा होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस या संशोधकांनी १९७०च्या दशकात मांजरांना कमी आणि जास्त प्रथिनांचा आहार देऊन हे तपासलं. आहारातली प्रथिनं घटवली तरी ती मोडणारी एन्झाइम्स जवळपास त्याच वेगाने काम करत राहिली. पिढ्यानपिढ्या उंदीर, पक्षी, सरडे खाऊन जगलेल्या प्राण्याला काटकसरीची गरजच पडली नव्हती. याच दोघांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं एक जेवण उपाशी मांजराला दिलं, तरी काही तासांत त्याच्या रक्तातला अमोनिया वाढतो, ते ओकू लागतं आणि भेलकांडतं. एका जेवणाची ही गोष्ट आहे. एवढं कमी अंतर सोसणाऱ्या प्राण्याला आपण दोन-तीन दिवस लंघन घडवतो.

मांजर उपाशी राहिलं की ते लगेच स्वतःच्या स्नायूंतली प्रथिनं मोडायला घेतं. त्याच वेळी अंगावरची चरबी रक्तात सुटते आणि यकृताकडे निघते. यकृताने ती जाळावी, नाहीतर प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून परत बाहेर पाठवावी, अशी रीत आहे. पण वेष्टनाला लागणारी प्रथिनं जेवणातून येतात आणि जेवण तर बंद आहे. चरबी येत राहते, बाहेर जाणं अडतं, आणि यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी भरत जातात. आजार पुरता जडला, की ८० टक्क्यांहून जास्त पेशींत ही चरबी साचलेली सापडते. फुगलेल्या पेशी पित्त वाहून नेणाऱ्या बारीक वाटा दाबतात, पित्तातला पिवळा रंग रक्तात उतरतो आणि कावीळ दिसू लागते. या आजाराचं नाव हेपॅटिक लिपिडोसिस. दवाखान्यात बोलताना त्याला फॅटी लिव्हरच म्हणतात. पूर्ण उपास घडला तर दोन दिवसांपासून आठवड्याभरात केव्हाही त्याची सुरुवात होऊ शकते, आणि रोजच्या निम्मंच खाणारं मांजरही थोड्या उशिरा तिथेच पोचतं.

यात सर्वांत जास्त धोका लठ्ठ मांजराला असतो. फ्लॅटमध्ये वाढलेला, नसबंदी झालेला, वाटीत चोवीस तास ड्राय फूड असलेला सहा किलोंचा बोका दोन दिवस जेवला नाही, तर घरच्यांना फारशी काळजी वाटत नाही. अंगावर साठा आहे, थोडा बारीक झाला तर बरंच, असं वाटतं. पण जितकी चरबी जास्त, तितकी यकृताकडे धावणारी चरबी जास्त. म्हणूनच लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करायचं नसतं; मोजून खायला घालत महिनोन्‌महिने हळूहळू वजन उतरवायचं असतं. एकदा यकृत बिघडलं की मळमळ सुरू होते आणि मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही. मुळात न खाण्याचं कारण किरकोळही असेल. दुखरी दाढ, सर्दीने चोंदलेलं नाक, घर बदलणं, घरात आलेलं कुत्र्याचं पिल्लू, दिवाळीच्या सुटीत ठेवलेलं बोर्डिंग, अचानक बदललेलं खाणं, यांतलं काहीही. ते कारण मिटून गेलं तरी यकृताचं दुखणं मागे राहतं, आणि ते जीव घेऊ शकतं.

आता ओकण्याकडे येऊ. मांजराच्या तोंडातून काहीही बाहेर पडलं की आपण त्याला उलटी म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खऱ्या उलटीआधी मांजर अस्वस्थ होतं, जीभ फिरवतं, लाळ गिळतं, मग पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि मग ते ओकतं. घाईघाईने खाल्लेलं अन्न पोटाच्या हालचालीशिवाय, मान खाली घातल्याबरोबर, न पचता लांबुळक्या आकारात बाहेर आलं, तर ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. तिथे अन्ननलिकेचा विचार करावा लागतो. आणि मांजर जमिनीलगत दबून, मान पुढे ताणून खसखस आवाज करत असेल आणि शेवटी काहीच बाहेर पडत नसेल, तर तो बहुधा खोकला असतो, अनेकदा दम्याचा. घरचे मात्र "केस अडकलेत घशात" म्हणून महिनोन्‌महिने केसांचं औषध चाटवत राहतात. तोंडी वर्णनाने डॉक्टरही फसू शकतात, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढावा. दहा सेकंदांचा व्हिडिओ पुष्कळ तपासण्या वाचवतो.

केसांच्या गोळ्यांबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवलं, की या काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोचवली जाते. काटे मागे वळलेले असल्यामुळे सुटलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. निरोगी आतडं तो विष्ठेतून बाहेर टाकतं. क्वचित एखादा गोळा ओकून पडला तर त्यात काही नाही. पण दर आठवड्याला ओकणारं मांजर "मांजरंच ती, ओकायचीच" म्हणून सोडून देणं चूक आहे. टेक्सासमधले मांजरांचे डॉक्टर गॅरी नॉर्सवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १०० मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. ही मांजरं दीर्घकाळ ओकत होती, जुलाब करत होती किंवा वजन गमावत होती, आणि सोनोग्राफीत त्यांच्या लहान आतड्याची भिंत जाड दिसली होती. आतड्याचे तुकडे काढून तपासल्यावर १०० पैकी ९९ मांजरांत आजार सापडला. बहुतेकांना आतड्याची जुनाट सूज किंवा लिम्फोमा हा कर्करोग होता. केसांचा गोळा हे अशा वेळी कारण नसतं. बिघडलेलं आतडं केस पुढे ढकलू शकत नाही म्हणून तो तयार होतो.

ओकलेलं पुसून टाकण्याआधी एकदा नीट पाहावं आणि फोटो काढून ठेवावा. पांढरा फेस किंवा पिवळं पाणी म्हणजे पोट रिकामं आहे एवढंच कळतं. त्यावरून "पित्त झालंय" असं निदान करता येत नाही. शेवयांसारखे लांब पांढरे जंत दिसले तर जंतांचं औषध लागेल. कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग म्हणजे जठरात रक्त आहे. विष्ठेसारखी घाण येत असेल तर आतडं खाली कुठेतरी अडलं आहे, आणि त्या मांजराला त्याच तासाला दवाखान्यात न्यायला हवं.

अडलेल्या आतड्याचा सर्वांत वाईट प्रकार दोऱ्याने होतो, आणि आपल्या घरांत दोरे फार. शिलाई मशीनजवळ पडलेला सुईसकटचा दोरा, वाळलेल्या गजऱ्याचा दोरा, राखीचा गोंडा, संक्रांतीनंतर गच्चीवर आणि झाडांना लोंबणारा मांजा, मटणाच्या रश्श्यात पडलेला पुडक्याचा दोरा. मांजर दोऱ्याशी खेळतं, तो तोंडात जातो आणि जिभेवरच्या त्याच मागे वळलेल्या काट्यांमुळे परत बाहेर येत नाही. त्याचं एक टोक पुष्कळदा जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जात राहतं. आतडं आपल्या सवयीने ते पुढे रेटू पाहतं, दोरा तर वर बांधलेला. मग परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा व्हावं तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं, आणि ताणलेला दोरा आतड्याच्या आतल्या कडेला कापत जातो. छिद्र पडलं की पोटात विष्ठा सांडते.

हे ओळखण्याची एक साधी तपासणी डॉक्टर करतात, आणि ती विसरली गेली तर आपण आठवण करून द्यायला हरकत नाही. मांजराचं तोंड उघडून, खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत बाहेरून अंगठ्याने वर दाबलं की जीभ उचलली जाते आणि तिच्या खालची बाजू दिसते. तिथे दोऱ्याचा वेढा, लाल रेघ किंवा कापलेली जखम असू शकते. एक्स-रेत सुई दिसते, दोरा दिसत नाही. दिसतं ते गोळा झालेलं आतडं आणि त्यात अडकलेले हवेचे विचित्र बुडबुडे. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचा मोह कितीही झाला तरी ओढू नये. आत तो कशाकशाला बांधला गेला आहे हे आपल्याला दिसत नसतं, आणि एका झटक्यात आतडं चिरलं जाऊ शकतं.

विषबाधेची यादी लांब आहे. त्यातल्या दोन गोष्टी घराघरात आहेत म्हणून सांगतो. पहिली, पॅरासिटामॉल. मांजर गरम लागतंय, मलूल आहे, म्हणून घरातली तापाची अर्धी गोळी दुधातून दिली जाते. हे औषध निकामी करणारी माणसाच्या यकृतातली मुख्य वाट मांजरात जवळजवळ बंद आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायच्या लायकीचं राहत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तर. दुसरी, पुष्पगुच्छातली मोठ्या सुगंधी फुलांची लिली. तिची पाकळी, पान, पराग, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणीही मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत बंद पाडतं. अंगावर सांडलेले पराग चाटून साफ केले तरी पुरतं. सुरुवातीला मांजर ओकतं आणि खाणं सोडतं, मग काही तास बरं झाल्यासारखं दिसतं, आणि त्याच फसव्या तासांत उपचाराची वेळ निघून जाते. आपल्याकडे हारांत गुंफतात ती पांढऱ्या कळ्यांची लिली वेगळ्या कुळातली आहे. तिने किडनी जात नाही, पण मांजराचं पोट तीही बिघडवते. ज्या घरात मांजर आहे तिथे मोठी लिली येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नर मांजराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे लघवी. बोका ओकतोय, जेवत नाही आणि वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन जोर करतोय, तर घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. खडे आणि चिकट गाळ यांनी तो बंद पडतो. लघवी साचली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. ट्रेमधली वाळू ओली आहे का हे पाहायला क्षणभर लागतो. कोरडी असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन करावा.

पिल्लांना मोठ्या मांजरांचे नियम लागू नाहीत. दोन-तीन महिन्यांचं, लस न दिलेलं पिल्लू ओकतंय, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय पण पीत नाही, असं दिसलं तर पॅनल्युकोपेनिया धरून चालावं. हा मांजरांचा पार्व्हो विषाणू. तो आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्ही मारतो. लस न घेतलेली पिल्लं यात मोठ्या प्रमाणात दगावतात, काही तर जुलाब सुरू होण्याआधीच. विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलने जात नाही. त्याला ब्लीचचं पाणी लागतं. लस मात्र उत्तम आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू घरच्या मांजरात लगेच सोडू नये, ते यासाठीच. शिवाय पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. अर्धा दिवस उपाशी राहिलेलं पिल्लू थंड पडतं.

म्हाताऱ्या मांजरात बहुधा किडनी. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हणून आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मांजराची वर्षातून एकदा रक्त आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड वाढलेलं म्हातारं मांजर उलट अधाशासारखं खातं, ओकतं आणि तरी वाळत जातं. स्वादुपिंडाच्या सुजेत कुत्रा सपाटून ओकतो. मांजर मात्र कधी ओकतं, कधी नुसतं गप्प बसतं आणि खात नाही.

हे गप्प बसणंच वाचायला शिकलं पाहिजे. मांजर दुखणं लपवतं. स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांची ते शिकारही होतं, आणि अशा प्राण्याला अशक्तपणा दाखवणं परवडत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे आक्रसून बारीक झालेत का, नाक-तोंडाचा भाग ताणलाय का, मिशा ताठ होऊन पुढे आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. मळमळीची खूण वेगळी. मांजर बशीपर्यंत येतं, वास घेतं, ओठ चाटतं, गिळतं आणि तोंड फिरवतं. काही मांजरं तर बशीजवळची फरशी पंजाने उकरून अन्न झाकून टाकायला पाहतात. याला भूक नाही असं म्हणता येत नाही. भूक आहे, म्हणून ते बशीपर्यंत आलं. मळमळ त्याला परतवते. अशा मांजरापुढे बोंबील, मांदेली, चिकन, पाउच असं एकामागून एक मांडत राहिलं तर आणखी नुकसान होतं. मळमळताना ज्या अन्नाचा वास आला त्याचा मांजर कायमचा तिटकारा धरू शकतं, आणि बरं झाल्यावर त्याच्या आवडीचंच खाणं ते नाकारतं.

मग घरी करायचं काय? पाणी समोर ठेवावं. एखाद-दुसरी उलटी होऊन मांजर तरतरीत असेल तर थोड्या वेळाने चमचाभर खायला देऊन पाहावं: मीठ-मसाला नसलेलं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, हाताला कोमट लागेल इतकं गरम. गरम केल्याने वास सुटतो, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. गोडाचं आमिषही फुकट, कारण मांजराला गोड चव लागतच नाही. त्या चवीच्या जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. हिंगाचं पाणी, ओव्याचा अर्क, मीठ-साखरेचं पाणी बळेबळे तोंडात ओतू नये. ते श्वासनलिकेत गेलं तर उलटीवर न्यूमोनियाची भर पडते. विष खाल्ल्याचा संशय असला तरी मीठ घालून ओकवायला जाऊ नये, मिठाचीच विषबाधा होते.

वेळेची मर्यादा मी अशी धरतो. मोठ्या मांजराने २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. न खाणं आणि दोन-तीन उलट्या एकत्र असतील, तर २४ तासही थांबू नये, त्याच दिवशी जावं. पाणीसुद्धा टिकत नसेल, हिरड्या चिकट किंवा फिकट असतील, अंग थंड लागत असेल, तर लगेच. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. आपल्या हाताला ते थंड लागलं तर ते फार खाली गेलेलं असतं.

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आणि त्यांचे दवाखाने आहेत. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या तपासत असतात. म्हणून जाऊच नये असं नाही. कातडीखाली सलाइन आणि उलटी थांबवणारं इंजेक्शन तिथेही देता येतं, आणि त्याने पुढच्या शहरापर्यंत पोचायला वेळ मिळतो. जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटचं नीट कधी खाल्लं, किती वेळा ओकलं, लघवी-शी कधी झाली, घरात दोरा, फुलं, गोळ्या, उंदराचं औषध यांतलं काय उघड्यावर होतं. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहावं, मग एकट्याचं वजन वजा करावं. औषधाचा आणि अन्नाचा सगळा हिशेब वजनावर चालतो.

दवाखान्यात आधी शरीरातलं पाणी भरून काढतात, मग रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी. मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉनने मळमळ आवरली की काही मांजरं त्याच संध्याकाळी खाऊ लागतात. मिर्टाझापीन हे माणसांचं नैराश्यावरचं औषध मांजराची भूक वाढवतं. कानाच्या पाळीला लावायचं त्याचं मलम २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण आतडं अडलेलं असताना भूक वाढवणं घातक आहे, म्हणून ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि एवढं करूनही मांजर खात नसेल, तर नळी. हा शब्द ऐकला की घरचे हादरतात. "तिला असे हाल करून जगवायचं नाही," असं म्हणून मांजर घरी नेतात. मला ही समजूत दुरुस्त करायची आहे, कारण तिच्यामुळे वाचू शकणारी मांजरं मरतात. नाकातून घालायची बारीक नळी बहुतेक वेळा भूल न देता बसते. तीतून पातळ अन्न काही दिवस देता येतं. जास्त दिवसांसाठी मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवतात. त्याला थोडा वेळ भूल लागते, नळी जागेवर आहे ना हे एक्स-रेने पाहतात आणि मानेभोवती मऊ पट्टी गुंडाळतात. भुलीतून उठल्यावर मांजर फिरतं, झोपतं, अंग चाटतं, नळी असतानाही तोंडाने खाऊ शकतं. घरी दिवसातून चार-सहा वेळा कोमट, पातळ केलेलं अन्न सिरिंजने अगदी सावकाश द्यायचं, आधी आणि नंतर थोडं पाणी सोडून नळी धुवायची. औषधंही तीतूनच जातात. जबडा धरून गोळी कोंबण्याची रोजची झटापट संपते. बळजबरीने चमचा कोंबण्यापेक्षा हे मांजराला कितीतरी सुसह्य असतं.

पहिल्या दिवशी पोटभर द्यायचं नसतं. चार किलोंच्या मांजराला स्वस्थ पडून राहायला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. अनेक दिवसांच्या उपासानंतर पहिल्या दिवशी त्याच्या चौथाई-तिहाईने सुरुवात करतात आणि तीन-चार दिवसांत वाढवत नेतात. एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जाऊन धोकादायक पातळीवर उतरतं, तांबड्या पेशी फुटतात. म्हणून या दिवसांत पुन्हा रक्त तपासायला बोलावतात, ते टाळू नये. फॅटी लिव्हर झालेल्या मांजराला अशी नळी बहुधा तीन ते सहा आठवडे लागते. हा काळ लांब वाटतो, पण वेळेवर आणि पुरेसं अन्न पोटात गेलेल्या मांजरांपैकी साधारण ८० टक्के वाचतात, आणि बरं झालेलं यकृत सहसा पुन्हा हा त्रास देत नाही. न खाता सोडलेली मांजरं जवळजवळ सगळी जातात.

तेव्हा डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं, तर "आणखी दोन दिवस बघू" असं म्हणू नका. मांजराच्या अंगात भूल सोसण्याइतकी ताकद आहे तोवरच ती बसवून घ्या.